खोडलेला पत्ता : लुई कान यांची घरे आणि त्यांचे आयुष्य

मे २००८ मध्ये शिकागोतील एका लिलावगृहाने एक घर लिलावास काढले. हे लिलावगृह आधुनिक फर्निचर आणि कलाकुसरीच्या वस्तूंसाठी ओळखले जात असे. खुर्च्या, टेबले आणि दिवे जेथे विकले जातात, तेथे एक अख्खे राहते घर बोलीसाठी यावे, ही नवलाचीच गोष्ट होती. घर शिकागोत नव्हतेच. ते शेकडो मैल दूर, फिलाडेल्फिया शहराच्या चेस्टनट हिल भागातील एका शांत गल्लीत उभे होते. क्षेत्रफळ सुमारे अडीच हजार चौरस फूट, शयनगृह एकच. तरीही अपेक्षित किंमत सांगितली गेली होती २० ते ३० लाख डॉलर. एवढी किंमत त्या विटा-चुन्याची असणे शक्य नव्हते. ती लुई कान या नावाची होती.

घर विकले गेले नाही. अपेक्षित बोली लागलीच नाही. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमधील दुसऱ्या एका लिलावात रिचर्ड नॉयट्रा या वास्तुविशारदाने १९४६ मध्ये बांधलेल्या वाळवंटातील एका घरावर दीड कोटी डॉलरची बोली लागली होती. पण तो व्यवहारही पुढे मोडला. विसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेली ही घरे चित्रांसारखी आणि शिल्पांसारखी विकता येतील, ही कल्पना त्या वर्षी जोरात होती. पण चित्र भिंतीवर टांगता येते. घरात राहावे लागते. छप्पर गळले तर दुरुस्त करावे लागते, पाहुणे आले तर त्यांना झोपायला जागा द्यावी लागते. फिलाडेल्फियातील त्या घरात पाहुण्यांसाठी वेगळी खोलीच नव्हती.

ज्याच्या नावावर ही किंमत ठरवली गेली होती, तो वास्तुविशारद लिलावाच्या ३४ वर्षे आधी मरण पावला होता. तेव्हा त्याच्यावर सुमारे पाच लाख डॉलरचे कर्ज होते. त्याने स्वतःसाठी एकही घर कधी बांधले नव्हते.

निखाऱ्यांची ओढ

लुई कान यांचा जन्म १९०१ मध्ये आजच्या एस्टोनियात झाला. तेव्हा हा प्रदेश रशियन साम्राज्यात होता. कुटुंब ज्यू होते आणि मुलाचे मूळ नाव वेगळेच होते. बाल्टिक समुद्रातील सारेमा बेटावर त्यांचे अगदी लहानपण गेले. मूल तीन वर्षांचे असताना घरातील चुलीतल्या निखाऱ्यांच्या तेजाने त्याला भुरळ घातली. ते निखारे त्याने उचलून आपल्या अंगावरच्या कपड्याच्या ओच्यात घेतले. कपडा पेटला, चेहरा आणि हात भाजले. ते व्रण जन्मभर राहिले. अशा विद्रूप चेहऱ्याने जगण्यापेक्षा मूल गेलेले बरे, असे वडिलांना वाटले होते. आईला मात्र हा मुलगा मोठा होणार याची खात्री होती. ही आठवण कान पुढे स्वतःच सांगत असत. प्रकाश कोठून येतो, कसा येतो आणि कशावर पडतो, या एकाच गोष्टीचा ज्याने पुढे आयुष्यभर ध्यास घेतला, त्याच्या चरित्राचा आरंभ असा एका तेजाच्या मोहातून व्हावा, हा योगायोग त्यांच्या चरित्रकारांना नेहमीच खुणावत आला आहे.

वडील आधी एकटे अमेरिकेला गेले. १९०६ मध्ये आई मुलांना घेऊन फिलाडेल्फियात पोहोचली. स्थलांतरितांच्या गरीब वस्तीत संसार सुरू झाला. वडिलांना दुखापतीमुळे जड काम फार काळ झेपले नाही. आईच्या शिवण-विणकामावर घर चाले. भाड्याच्या जागा वरचेवर बदलत. पुढे कुटुंबाने आडनाव बदलून कान असे घेतले. मुलाचा हात चित्रात चांगला होता आणि संगीतही त्याला उपजतच येई. कोणीतरी दिलेला जुना पियानो घरात आला तेव्हा पियानो आणि पलंग दोन्ही मावेनात. मग मुलगा पियानोवरच झोपू लागला, अशीही आठवण ते पुढे सांगत. मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवून त्याने शिक्षणाच्या काळात कमाई केली.

शाळेच्या शेवटच्या वर्षी वास्तुकलेवरील एक अभ्यासक्रम त्याच्या वाट्याला आला आणि चित्रकार होण्याचा बेत मागे पडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याने पॉल क्रे या मूळच्या फ्रेंच शिक्षकाच्या हाताखाली अभ्यास केला. जुन्या फ्रेंच शिस्तीत वाढलेले क्रे विद्यार्थ्यांना इमारतीचा आराखडा, तिची समतोल मांडणी आणि प्रमाणबद्धता यांचे कडक शिक्षण देत. १९२४ मध्ये कान पदवीधर झाले. पुढे आधुनिकतावादाच्या लाटेत हे शिक्षण कालबाह्य ठरले. पण तेच संस्कार कान यांच्या उत्तरायुष्यात नव्या रूपाने वर आले.

उशिरा उगवलेला दिवस

१९३० मध्ये त्यांनी एस्थर इस्रायली यांच्याशी विवाह केला. तो महामंदीचा काळ होता. कान यांचे काम गेले. दोघेही एस्थर यांच्या आईवडिलांच्या घरी राहू लागले आणि पुढची कित्येक दशके तेच त्यांचे घर राहिले. एस्थर यांनी संशोधन सहायक म्हणून नोकरी केली आणि संसाराचा आर्थिक भार दीर्घकाळ त्यांनीच पेलला. बेकार झालेल्या सुमारे तीस वास्तुविशारदांना गोळा करून कान यांनी एक अभ्यासगट चालवला. कामगारांसाठी स्वस्त आणि चांगली घरे कशी बांधता येतील, याचा हा गट विचार करी. पुढे युद्धकाळात त्यांनी इतर वास्तुविशारदांबरोबर काही कामगार वसाहती उभारल्या. तरीही वयाच्या पन्नाशीपर्यंत त्यांचे नाव फिलाडेल्फियाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

१९४७ पासून ते येल विद्यापीठात शिकवू लागले. १९५०-५१ मध्ये रोमच्या अमेरिकन अकादमीत त्यांना काही महिने राहता आले. तेथून ते ग्रीस आणि इजिप्तलाही गेले. पिरॅमिड, मंदिरांचे खांब आणि रोमन अवशेषांच्या जाड भिंती यांची त्यांनी रंगीत खडूंनी चित्रे काढली. काचेच्या पातळ पडद्यांनी बांधलेल्या तत्कालीन इमारतींत त्यांना जे सापडत नव्हते, ते या भग्न भिंतींत सापडले : भिंतीचे वजन, तिच्यावर पडणारे ऊन आणि तिच्या मागची गडद सावली.

त्यानंतरचे काम वेगाने झाले. १९५३ मध्ये येलचे कलादालन पूर्ण झाले. १९५५ च्या सुमारास न्यू जर्सीत ट्रेंटनजवळ एका सार्वजनिक पोहण्याच्या तलावासाठी त्यांनी कपडे बदलण्याची छोटी इमारत बांधली. चार चौकोनी खोल्या, मध्ये एक उघडा चौक आणि प्रत्येक खोलीवर पिरॅमिडसारखे छप्पर, एवढीच तिची मांडणी. याच साध्या इमारतीत आपल्याला आपली वाट सापडली, असे कान पुढे मानत. सेवा घेणाऱ्या जागा आणि सेवा देणाऱ्या जागा वेगळ्या ओळखाव्यात, हा विचार तेथे स्पष्ट झाला. माणसे जेथे बसतात, बोलतात, काम करतात त्या जागा एका जातीच्या. जिने, नळ, कोठीची जागा आणि न्हाणीघर या दुसऱ्या जातीच्या. दोन्हींचा मान राखायचा, पण त्यांची सरमिसळ करायची नाही. आपल्याकडील जुन्या घरांत ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि परसू यांची कामे ठरलेली असत आणि घराचा आराखडा त्या कामांतूनच आकार घेई. त्या घरांत वाढलेल्या वाचकाला हा विचार परका वाटणार नाही.

एका ग्रंथविक्रेतीचे घर

१९५९ मध्ये मार्गारेट एशरिक या कान यांच्याकडे आल्या. त्यांचे पुस्तकांचे दुकान होते आणि त्या एकट्या राहत. त्यांचे काका व्हॉर्टन एशरिक हे लाकडात काम करणारे नामवंत शिल्पकार होते. चेस्टनट हिल भागात, एका उद्यानाला लागून असलेल्या जमिनीवर त्यांना स्वतःपुरते घर हवे होते.

कान यांनी दिले ते बाहेरून एका साध्या दुमजली पेटीसारखे दिसणारे घर : सपाट छप्पर, फिकट गिलावा दिलेल्या भिंती आणि गडद लाकूड. रस्त्याकडील बाजू बरीचशी बंद. त्या बाजूच्या भिंतीत वर रुंद आणि खाली चिंचोळी अशी उघडणी ठेवली आहे, त्यामुळे घर पाहणाऱ्याला कुलपाच्या भोकाची आठवण होते. मागची बाजू मात्र बागेकडे मोकळी होते. काचेच्या मोठ्या तावदानांच्या शेजारी जाड भिंतीइतक्या खोल कोनाड्यांत लाकडी झडपा आहेत. काच पक्की बसवलेली, तिचे काम फक्त प्रकाश आत घेण्याचे. वाऱ्यासाठी झडप उघडायची. प्रकाश आणि वारा ही दोन कामे एकाच खिडकीवर न लादता कान यांनी ती दोघांत वाटून दिली. झडपा उघडणे-मिटणे हे घरात राहणाऱ्याच्या हाती असते आणि त्यामुळे घराचा चेहरा दिवसभर बदलत राहतो.

आत शिरल्यावर एका बाजूला दोन मजले उंचीचा दिवाणखाना आहे. त्याच्या रस्त्याकडील भिंतीला पुस्तकांची कपाटे बांधून काढलेली आहेत. पुस्तके विकणाऱ्या बाईच्या घरातील सगळ्यात मोठी भिंत पुस्तकांना मिळाली. मध्ये जिना, पलीकडे जेवणाची खोली आणि तिच्यावर शयनगृह. वरच्या सज्जातून खालचा दिवाणखाना दिसतो. शेकोटीच्या वर खिडकी आहे आणि तिच्यातून बाहेर स्वतंत्र उभे असलेले धुराडे दिसते. स्वयंपाकघर मात्र कान यांच्या हातचे नाही. ते व्हॉर्टन एशरिक यांनी लाकूड आणि तांबे वापरून आपल्या वळणदार शैलीत घडवले. सरळ रेषांच्या घरात ही एक वाकडी, उबदार खोली आहे.

घर १९६१ मध्ये पूर्ण झाले. मार्गारेट एशरिक यांना त्यात फार दिवस राहता आले नाही. घर पुरे झाल्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. एका माणसाच्या मापाने बेतलेले घर त्या माणसावाचून उभे राहिले.

या घरापासून जवळच, त्याच काळात, कान यांच्या कार्यालयात काही काळ काम केलेल्या रॉबर्ट व्हेंचुरी या तरुण वास्तुविशारदाने आपल्या आईसाठी घर बांधले. तेही पुढे तितकेच प्रसिद्ध झाले. वास्तुकलेचे विद्यार्थी आजही या भागात येतात ते ही दोन घरे पाहण्यासाठी.

सात वर्षे लागलेले घर

कान यांनी आयुष्यात आराखडे पुष्कळ काढले, पण त्यांची प्रत्यक्षात उभी राहिलेली खासगी घरे नऊच. याचे एक कारण त्यांच्या स्वभावात होते. आराखडा पुरा झाला असे त्यांना कधी वाटत नसे. मालकाने होकार दिल्यावरही ते तो पुन्हा आरंभापासून मांडत. मोठ्या संस्थांना हे परवडे. घर बांधायला निघालेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाचा धीर मात्र अनेकदा सुटे.

फिलाडेल्फियाच्या उत्तरेस हॅटबरो येथे राहणारे डॉक्टर नॉर्मन फिशर आणि त्यांच्या पत्नी डॉरिस यांनी तो धीर दाखवला. १९६० मध्ये त्यांनी कान यांना काम सोपवले. आराखडे पुन्हा पुन्हा बदलले, खर्चाचा मेळ बसेना. घर उभे राहिले ते १९६७ मध्ये. दोन लाकडी घन, एकमेकांना कोपऱ्यात तिरके भेटणारे : एक बसण्या-उठण्याचा, दुसरा झोपण्याचा. खाली दगडी जोते. बसण्याच्या घनात भिंतींपासून सुटी उभी असलेली दगडी शेकोटी, अर्धवर्तुळाकार आणि भारदस्त. कोपऱ्यात जाड लाकडी चौकटीची खिडकी आणि तिच्यात बसायला बाक. त्या बाकावर बसले की खालच्या ओढ्याकडील झाडे दिसतात.

फिशर दांपत्याने या घरात सुमारे चार दशके काढली. मुली येथे वाढल्या, लाकूड उन्हापावसात राखाडी झाले, बाग डॉरिस यांच्या हातांनी आकाराला आली. सात वर्षांच्या प्रतीक्षेबद्दल त्यांच्या मनात कडवटपणा राहिला नाही. उलट घर बांधून झाल्यावर ओढ्यावरच्या लहानशा पुलासाठी ते पुन्हा कान यांच्याकडेच गेले.

तीन घरांत कोठेच नाही

इतरांच्या दिवाणखान्यातला प्रकाश इतक्या मायेने बेतणाऱ्या या माणसाचे स्वतःचे घरगुती आयुष्य मात्र तुकड्यातुकड्यांचे होते. एस्थर यांच्यापासून त्यांना १९४० मध्ये मुलगी झाली. त्यांच्या कार्यालयातील सहकारी ॲन टिंग या स्वतः अव्वल वास्तुविशारद होत्या. भूमितीच्या रचनांबद्दलची त्यांची जाण कान यांच्या पन्नाशीनंतरच्या कामात खोलवर उतरली आहे. त्यांच्यापासून १९५४ मध्ये दुसरी मुलगी झाली. उद्यानरचनाकार हॅरिएट पॅटिसन यांच्यापासून १९६२ मध्ये मुलगा झाला. तीनही कुटुंबे फिलाडेल्फिया परिसरातच होती आणि मुलांना एकमेकांची खरी ओळख झाली ती वडिलांच्या मृत्यूनंतर. या वागण्याची किंमत त्या तिघींनी आणि तीन मुलांनी मोजली. मुलगा नॅथॅनिअल याने मोठेपणी वडिलांच्या इमारतींचा आणि त्यांच्या ओळखीच्या माणसांचा माग काढत एक माहितीपट केला. २००३ मध्ये आलेल्या त्या चित्रपटामुळे कान यांचे नाव वास्तुकलेच्या वर्तुळाबाहेर पोहोचले.

कान यांचे खरे राहणे कार्यालयातच होते. रात्री उशिरापर्यंत काम, तिथेच सतरंजीवर झोप, पहाटे पुन्हा पाटीवर कागद. पैशाचा हिशेब त्यांना कधी जमला नाही. कामासाठी खर्च झालेले तास आणि मिळणारी फी यांचा मेळ ते घालतच नसत. एखादी खिडकी मनासारखी होईपर्यंत आराखडे चालूच राहत आणि कार्यालयाचे नुकसान वाढत जाई. साल्क संशोधन संस्था, टेक्सासमधील किंबेल कलासंग्रहालय, एक्झेटर येथील शाळेचे ग्रंथालय या इमारतींनी त्यांना जगातील पहिल्या रांगेत नेऊन बसवले, तेव्हाही कार्यालय तोट्यातच होते.

अहमदाबादची वीट

१९६२ मध्ये कान यांना भारतीय उपखंडात दोन मोठी कामे मिळाली. एक अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे आणि दुसरे ढाक्याच्या संसद संकुलाचे. अहमदाबादचे काम त्यांच्याकडे आले ते बाळकृष्ण दोशी यांच्यामुळे. दोशी पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकलेले. पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम करून ते अहमदाबादेत स्थिरावले होते. संस्थेच्या इमारती बांधण्याचे काम आपल्याकडे येऊ शकत असताना त्यांनी कान यांचे नाव पुढे केले. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांनी ते मान्य केले. पुढे अनंत राजे हे फिलाडेल्फियात कान यांच्या कार्यालयात काम करून परतले आणि कान यांच्यानंतरही त्यांनी अहमदाबादचे काम पुढे नेले.

वडोदऱ्याहून किंवा सुरतेहून अहमदाबादला शिकायला गेलेल्या अनेक मराठी मुलांनी ही संस्था आतून पाहिली आहे. स्थानिक विटांच्या जाडजूड भिंती, त्यांत कापलेली प्रचंड वर्तुळे आणि कमानी, कमानीचा बाहेरचा रेटा धरून ठेवणारे काँक्रीटचे आडवे पट्टे. भिंतीच्या आत भिंत आणि मध्ये सावलीची खोल पडवी, म्हणजे गुजरातचे ऊन थेट खोलीवर न पडता आधी पडवीत निवते. वसतिगृहे तिरकी मांडलेली, वारा खेळावा म्हणून. विटेलाच तिला काय व्हायचे आहे ते विचारावे आणि ती कमान मागते हे ऐकून घ्यावे, अशा अर्थाचा कान यांचा दाखला जगभरच्या वास्तुकला महाविद्यालयांत सांगितला जातो. अहमदाबादेत तो दाखला उभा आहे. चेस्टनट हिलच्या घरात झडपांच्या खोल कोनाड्यांनी जे केले, तेच येथे शेकडो विद्यार्थ्यांसाठी मोठ्या मापात केलेले दिसते.

या कामासाठी ते अमेरिका आणि भारत अशा फेऱ्या वर्षानुवर्षे करत राहिले. मार्च १९७४ मध्ये ते अशाच एका फेरीवरून परतत होते.

स्टेशनवरचा मृत्यू

१७ मार्च १९७४, रविवार. अहमदाबादहून लंडनमार्गे ते न्यूयॉर्कला उतरले आणि फिलाडेल्फियाची गाडी पकडण्यासाठी पेन स्टेशनवर गेले. तेथील स्वच्छतागृहात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ७३. पोलिसांचा निरोप फिलाडेल्फियाला गेला तो कार्यालयाच्या पत्त्यावर, आणि कार्यालय रविवारी बंद होते. दोन दिवस जगातील एका थोर वास्तुविशारदाचा देह न्यूयॉर्कच्या शवागारात पडून राहिला आणि घरची माणसे त्यांची वाट पाहत राहिली. त्यांच्या पारपत्रावरील घरचा पत्ता खोडलेला होता, असे पुढे सांगितले गेले. तो का खोडला, याचे उत्तर तीनही घरांनी आपापल्या परीने शोधले.

मागे राहिली ती कर्जे आणि हजारो आराखडे. आराखड्यांचा संग्रह विकून कर्ज फेडणे हा एकच मार्ग होता. तो तुकड्यांत विकला गेला असता तर कान यांच्या कामाचा अभ्यास कायमचा विस्कटला असता. अखेर पेनसिल्व्हेनिया राज्याने साडेचार लाख डॉलर देऊन संपूर्ण संग्रह विकत घेतला आणि तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ठेवला. आयुष्यभर ज्या कागदांपायी कार्यालय कर्जात बुडत गेले, त्याच कागदांनी अखेर ते कर्ज फेडले.

विकण्याची रीत

कागद वाचले, पण घरे खासगी मालकीची होती. त्यांचे काय होणार हे प्रत्येक वेळी विकणाऱ्यावर अवलंबून होते. फिशर दांपत्याने याचा विचार वेळेवर केला. आपल्या मागे घर अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा संरक्षण न्यासाकडे जावे, अशी तजवीज त्यांनी केली. दोघांच्या निधनानंतर न्यासाने ते संग्रहालय म्हणून जपून ठेवले नाही. त्यावर कायमची कायदेशीर बंधने घातली आणि २०१२ मध्ये ते विकले. घर कोणीही घ्यावे, त्यात राहावे, स्वयंपाक करावा; पण त्याचा गाभा मोडू नये, ही अट मालकी बदलली तरी जमिनीबरोबर चालत राहते. घर राहते राहिले आणि सुरक्षितही.

चेस्टनट हिलच्या घराचा मार्ग वळणाचा होता. लिलावात ते विकले गेले नाही. २००९ मध्ये फिलाडेल्फिया शहराने त्याची नोंद ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत केली, त्यामुळे ते पाडण्याची भीती दूर झाली. पुढे काही वर्षांनी त्यात राहू इच्छिणाऱ्या नव्या मालकांनी ते घेतले आणि जुन्या लाकडाला, झडपांना व तांब्याच्या स्वयंपाकघराला धक्का न लावता त्याची काळजीपूर्वक दुरुस्ती केली. एका शयनगृहाचे घर ज्याला पुरते असा माणूस यावा लागला, एवढेच.

अहमदाबादेत मात्र हा प्रश्न अधिक कठीण झाला. तेथील ग्रंथालयाचे जतन मुंबईच्या वास्तुविशारद ब्रिंदा सोमय्या यांच्या संस्थेने केले आणि त्याला २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तरीही डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने १८ पैकी १४ वसतिगृहे पाडून नवी बांधण्याचा प्रस्ताव जाहीर केला. विटांचा दर्जा, ओल, निखळणारे काँक्रीट आणि २००१ च्या भूकंपाने झालेली हानी ही कारणे देण्यात आली. देशविदेशांतून एवढा विरोध झाला की नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. पण विरोधाने भिंतीतील ओल जात नाही. २०२२ च्या अखेरीस वसतिगृहांच्या पुनर्बांधणीची भाषा पुन्हा सुरू झाली. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची चिंता खोटी नाही आणि वारसा गमावण्याची भीतीही खोटी नाही. फिशर यांच्या घराने दाखवलेली वाट अशा वेळी आठवते. तेथे कोणते भाग मोडायचे नाहीत हे आधी ठरले आणि व्यवहार त्यानंतर झाला. जतन ही अखेरच्या क्षणी करायची धावपळ राहिली नाही.

वडोदऱ्यातील जुने बंगले, पणजी-मडगावच्या वसाहतकालीन हवेल्या, इंदूर-ग्वाल्हेरचे वाडे यांच्या दारावरही अशीच पाटी लागते : विकणे आहे. वारसदार दूरदेशी असतात, दुरुस्तीचा खर्च पेलत नाही, जमिनीचा भाव घराच्या किमतीहून कितीतरी मोठा असतो. यातील बहुतेक घरांना प्रसिद्ध वास्तुविशारदाचे नाव नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी शिकागोत लिलाव होत नाही आणि जगभरातून विरोधाची पत्रेही येत नाहीत.

लुई कान यांना घर या शब्दाचा अर्थ ठाऊक होता. ते ज्ञान त्यांनी नऊ कुटुंबांना वाटून दिले आणि स्वतःसाठी काही राखले नाही. चेस्टनट हिलच्या त्या दिवाणखान्यात आजही सकाळी कोणीतरी जाड लाकडी झडप उघडते. मार्गारेट एशरिक यांच्या पुस्तकांसाठी बांधलेल्या भिंतीवर ऊन उतरते आणि दुपारपर्यंत हळूहळू सरकत जाते.